वाचकांचे प्रश्न : धातू पाहून चमकणारे रेणू आणि अल्झायमर

मागच्या अंकात याच पानावर मी थोडक्यात लिहिलं होतं, की अल्झायमर झालेल्या मेंदूत अमायलॉइड नावाच्या प्रथिनाच्या ज्या गुठळ्या साठतात, त्यांत जस्त, तांबं आणि लोह अडकलेलं सापडतं. या धातूंना चिकटताच चमकणारे रेणू रसायनशास्त्रज्ञ बनवतात, आणि ते वापरून आजार ओळखावा, जमल्यास बराही करावा, असे प्रयोग चालू आहेत, असंही लिहिलं होतं. पत्रं बरीच आली. बहुतेकांनी ‘बराही करावा’ एवढंच वाचलेलं दिसतं, त्यामुळे आज जरा सविस्तर.

ताई, माझ्या वडिलांना अल्झायमर आहे. तुम्ही लिहिलेली ती चमकणारी तपासणी कुठे होते? इंजेक्शन देऊन मेंदूतले धातू दिसत असतील तर त्यांची करून घ्यायची इच्छा आहे.

कुठेच होत नाही. आधीच सांगते, म्हणजे तुमची धावपळ वाचेल. हे रेणू आज काचेच्या पट्टीवरच्या मेंदूच्या कापात, पेशींच्या तबकडीत आणि उंदरांत वापरले जातात. रुग्णाच्या मेंदूतला धातू अशा चमकेने पाहायची तपासणी दवाखान्यात आलेली नाही.

अडचण रेणूची कमी आणि प्रकाशाची जास्त आहे. चमक पाहायची म्हणजे आधी प्रकाश आत पाठवायचा आणि रेणूने परत दिलेला प्रकाश बाहेर टिपायचा. निळा-हिरवा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं आणि ऊती तो विखरून टाकतात. त्याला मिलिमीटरभर आत जाणंही जड जातं. ६५० ते ९०० नॅनोमीटरचा, म्हणजे गडद लाल आणि त्यापलीकडचा अवरक्त प्रकाश जास्त खोल जातो. त्यामुळे सगळ्यांची धडपड त्या पट्ट्यात चमकणारे रेणू बनवायची असते. उंदराची कवटी मिलिमीटरपेक्षाही पातळ, तिथे हे साधतं. माणसाची कवटी काही मिलिमीटर जाड. डोक्याला बाहेरून लावायचे अवरक्त सेन्सर आहेत, पण ते मेंदूच्या वरच्या थरापर्यंतच पोचतात. आठवणींशी संबंधित हिप्पोकॅम्पस काही सेंटिमीटर आत, कानशिलामागच्या भागाच्या पोटात बसलेला असतो.

मग अमायलॉइडच्या गुठळ्या जिवंत माणसात दिसतात त्या कशा? गंमत अशी, की तिथेही सुरुवात एका चमकणाऱ्या रंगापासूनच झाली. थायोफ्लॅविन-टी हा रंग अमायलॉइडला चिकटला की चमकतो, हे प्रयोगशाळांना फार पूर्वीपासून माहीत होतं. पिट्सबर्गच्या क्लंक आणि मॅथिस यांनी त्या रेणूवरचा धन विद्युतभार काढून टाकला, कारण भार असलेला रेणू रक्तातून मेंदूत सहजी शिरत नाही. मग त्यात किरणोत्सारी कार्बन-११ बसवला. चमकेचा नाद सोडला आणि कवटीतून आरपार येणाऱ्या गॅमा किरणांवर काम भागवलं. माणसांवरचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. कार्बन-११ वीस मिनिटांत निम्मा होतो, म्हणून पुढे ११० मिनिटं अर्धायुष्य असलेल्या फ्लोरीन-१८चे रेणू आले. पीईटी स्कॅन म्हणतात तो हा. त्याशिवाय पाठीच्या कण्यातून काढलेल्या द्रवाची तपासणी असते, आणि आता पी-टाऊ-२१७ नावाच्या प्रथिनाची रक्ततपासणीही आली आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने अशा एका रक्तचाचणीला मे २०२५ मध्ये मान्यता दिली. यांतली कुठलीच तपासणी धातू मोजत नाही. वडिलांचं निदान झालेलं आहे, त्यामुळे यांपैकी काही करून उपचारात बदल होणार आहे का, एवढाच प्रश्न त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

मॅडम, मी एम.एस्सी.ला आहे. जस्ताने रेणू चमकतो आणि तांब्याने विझतो, असं आमच्या पुस्तकात एका ओळीत दिलंय. का, ते कुणी सांगत नाही.

तुझं पत्र सगळ्यांत आवडलं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

आठ-हायड्रॉक्सिक्विनोलिन घे. माझं सगळं कामाचं आयुष्य याच कुटुंबातल्या रेणूंबरोबर गेलं. अल्कोहोलमधलं त्याचं पातळ द्रावण ३६५ नॅनोमीटरच्या अतिनील दिव्याखाली धर, जवळजवळ अंधार दिसेल. त्यात जस्ताच्या क्षाराचा थेंब टाक, पिवळट हिरवी चमक उठते. आधी अंधार का होता? या रेणूत हायड्रॉक्सिल गटाचा प्रोटॉन शेजारच्याच नायट्रोजनकडे ओढलेला असतो. प्रकाशाने रेणू उत्तेजित झाला की हा प्रोटॉन पटकन जागा बदलतो आणि मिळालेली ऊर्जा उष्णता होऊन निघून जाते. जस्ताचा आयन त्याच ऑक्सिजन आणि नायट्रोजनच्या मधोमध येऊन बसला की प्रोटॉनची ती वाट बंद. रेणू ताठ होतो आणि ऊर्जेला प्रकाश होऊन बाहेर पडण्याशिवाय फारसा पर्याय उरत नाही.

दुसऱ्या प्रकारच्या रेणूंत रंगद्रव्याचा भाग वेगळा आणि धातू पकडणारा नायट्रोजनचा पंजा वेगळा असतो. त्या नायट्रोजनवरची मोकळी इलेक्ट्रॉन जोडी उत्तेजित रंगद्रव्याला इलेक्ट्रॉन देऊन त्याची चमक मारते. जस्त आलं की ती जोडी त्याच्याशी बांधली जाते आणि रंगद्रव्य सुटतं. २००० साली एमआयटीचे लिपर्ड आणि कॅलिफोर्नियाचे रॉजर त्सिएन यांच्या गटांनी बनवलेला झिनपिर-१ याच तत्त्वावर चालतो. (त्सिएन यांना २००८ चं नोबेल हिरव्या चमकणाऱ्या प्रथिनासाठी मिळालं, पण आमच्यासारख्या लोकांना ते त्यांच्या कॅल्शियमच्या रंगांमुळे जास्त जवळचे.)

आता तांबं. जस्ताच्या आयनात ‘डी’ कक्षेतले दहाही इलेक्ट्रॉन भरलेले, तो कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुहेरी भाराच्या तांब्यात नऊच, म्हणजे एक इलेक्ट्रॉन एकटा. अशा आयनाजवळ उत्तेजित रंगद्रव्य आलं की त्याची ऊर्जा किंवा इलेक्ट्रॉन तांब्याकडे जातो आणि चमक विझते. एकेरी भाराच्या तांब्यात मात्र पुन्हा दहा भरतात. त्यामुळे त्याच्यासाठी चमक वाढवणारे रेणू करता येतात, बर्कलीच्या ख्रिस चँग यांच्या गटाने २००६ मध्ये केलेही. विझणाऱ्या रेणूवर माझा फारसा विश्वास नाही, आणि तूही ठेवू नकोस. चमक कमी झाली ती तांब्याने झाली, की रंग धुऊन निघाला म्हणून, की दिव्याने तो जळाला म्हणून, हे अंधाराकडे बघून कळत नाही.

पुस्तकात नसलेली एक गोष्टही सांगते. जस्त सगळीकडे असतं. रबर पक्कं करताना झिंक ऑक्साइड वापरतात, त्यामुळे रबरी बुचं आणि नळ्या जस्त सोडतात. काचेच्या भांड्यांवर ते चिकटून राहतं. चांगला संवेदनशील रेणू हाती आला की नमुना घालायच्या आधीच कोरं द्रावण चमकायला लागतं आणि नवीन विद्यार्थ्याला वाटतं शोध लागला. आमच्याकडे भांडी ईडीटीए या धातू धरणाऱ्या रसायनाने धुऊन घ्यायचा नेम होता, आणि चमक दिसली की शेवटी टीपीईएन टाकायचं. ते जस्ताला इतकं घट्ट धरतं की खऱ्या जस्ताची चमक विझलीच पाहिजे. नाही विझली तर ती चमक दुसऱ्या कशाची तरी आहे. कुणाचाही निबंध वाचताना आधी हा प्रयोग केलाय का ते शोध.

मी निवृत्त फार्मासिस्ट आहे. आमच्या तरुणपणी आमांशावर क्लिओक्विनॉलच्या गोळ्या सर्रास खपत. नंतर त्या धोकादायक ठरल्या. त्याच औषधाचं नाव अल्झायमरच्या संदर्भात वाचून आश्चर्य वाटलं. हे तेच का?

तेच. आणि वर ज्या आठ-हायड्रॉक्सिक्विनोलिनबद्दल लिहिलं, त्याला एक क्लोरीन आणि एक आयोडीन जोडलं की क्लिओक्विनॉल होतं. तुमच्या गोळ्याही धातू धरणाऱ्याच होत्या, फक्त तेव्हा कुणी त्या नजरेने पाहत नव्हतं.

जपानमध्ये या औषधाने अनर्थ केला. सुमारे दहा हजार लोकांना पायांना बधिरपणा, चालता न येणं, काहींना अंधत्व, असा आजार झाला. त्याचं नाव ‘स्मॉन’. संसर्ग असावा म्हणून बराच काळ विषाणू शोधला गेला. रुग्णांच्या जिभेवर हिरवट थर येई, काहींची लघवी हिरवी होई. १९७० मध्ये त्या हिरव्या रंगाचं रासायनिक विश्लेषण झालं आणि तो क्लिओक्विनॉल व लोह यांच्या संयुगाचा निघाला. औषधाने शरीरातलं लोह धरलं होतं आणि तेच रंगाने दिसत होतं. त्याच वर्षी जपानने विक्री थांबवली, आणि नवे रुग्ण येणं जवळजवळ बंद झालं. धातूला चिकटून रंग बदलणाऱ्या रेणूने एखाद्या आजाराचं कारण उघड केल्याचं याहून ठळक उदाहरण मला ठाऊक नाही, आणि ते कुणी ठरवून केलेलं नव्हतं.

अल्झायमरकडे हे औषध आलं ते ऑस्ट्रेलियातून. १९९४ मध्ये अ‍ॅशली बुश आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की जस्त मिसळलं की अमायलॉइड-बीटा भराभर गोळा होऊन साका बनतं. प्रथिन म्हणजे अमिनो आम्लांच्या दुव्यांची साखळी. या प्रथिनात ६, १३ आणि १४ या क्रमांकांवर हिस्टिडीन नावाचे दुवे आहेत, धातू तिथे बसतो. उंदरांच्या प्रथिनात १३ क्रमांकाचं हिस्टिडीन नसतं, आणखी दोन दुवेही वेगळे असतात, आणि उंदरांत आपोआप या गुठळ्या होत नाहीत. म्हणून तर प्रयोगासाठी माणसाचं जनुक घातलेले उंदीर लागतात. १९९८ मध्ये मृत रुग्णांच्या मेंदूतल्या गुठळ्यांत जस्त आणि लोह प्रत्येकी सुमारे १ मिलिमोलर (हे प्रमाण मोजायचं एकक), तांबं ०.४ मिलिमोलर मोजलं गेलं. २००१ मध्ये क्लिओक्विनॉल नऊ आठवडे तोंडाने दिलेल्या उंदरांत अमायलॉइडचे साठे ४९ टक्क्यांनी कमी भरले.

एवढा आकडा पाहिल्यावर कुणीही पुढे जाईल. २००३ मध्ये ३६ रुग्णांवर छोटी चाचणी झाली, फायदा झालाच तर आजार जास्त असलेल्या गटात, तोही काठावरचा. पुढे हे औषध मोठ्या प्रमाणावर बनवताना त्यात दोन आयोडीन असलेली अशुद्धी येऊ लागली आणि ते सोडून दिलं. त्याच्या जागी आयोडीन नसलेलं पीबीटी-२ आलं. २००८ मध्ये ७८ रुग्णांवर बारा आठवडे ते देऊन पाहिलं. २५० मिलिग्रॅमच्या गटात मेंदूमज्जाद्रवातलं अमायलॉइड उतरलं, विचारशक्तीच्या एक-दोन चाचण्या सुधारल्या. मग ४२ जणांची वर्षभराची चाचणी. तिचा निकाल २०१४ मध्ये आला. पीईटी स्कॅनमध्ये औषधाचा गट आणि प्लासिबोचा, म्हणजे औषध नसलेली नुसती गोळी घेणारा गट यांत फरक पडला नाही.

सगळ्यांत बोलकी चाचणी अलीकडची आहे. डेफेरिप्रोन हे लोह काढून टाकणारं औषध थॅलेसेमियाच्या रुग्णांना दिलं जातं. ८१ जणांच्या चाचणीत काहींना ते आणि बाकीच्यांना प्लासिबो, दिवसातून दोनदा, वर्षभर दिलं आणि निष्कर्ष २०२४ मध्ये छापले. हिप्पोकॅम्पसमधलं लोह खरोखर कमी झालं. औषधाने ठरवलेलं काम चोख केलं. आणि औषध घेणाऱ्यांची बुद्धी प्लासिबोवाल्यांपेक्षा जास्त वेगाने ढासळली.

म्हणूनच ‘मेंदूत साठलेले धातू उपसून काढा’ ही भाषा ऐकली की मी सावध होते. विल्सनच्या आजारात ती बरोबर आहे. तिथे शरीर तांबं बाहेर टाकूच शकत नाही, यकृत आणि मेंदूत ते ढिगाने साठतं, आणि १९५६ मध्ये जॉन वॉल्श यांनी आणलेल्या पेनिसिलामिनने ते निघतं, माणसं जगतात. अल्झायमरमध्ये एकूण मेंदूचा हिशेब केला तर तांबं वाढलेलं नाही, उलट कमी भरतं. ते गुठळीत अडकलंय आणि पेशीला मिळत नाहीये. जागा चुकली आहे. पीबीटी-२ बनवणाऱ्यांना हे कळत होतं, म्हणून त्यांनी धातू बाहेर टाकणारं नव्हे तर गुठळीतून काढून पेशीत परत नेणारं औषध करायचा घाट घातला. कल्पना अजूनही मला पटते. निकाल मात्र आला नाही.

अ‍ॅल्युमिनियमच्या भांड्यांमुळे अल्झायमर होतो का?

हा प्रश्न दर वर्षी येतो. १९६५ मध्ये सशांच्या मेंदूत अ‍ॅल्युमिनियमचा क्षार टोचल्यावर चेतातंतूंचे गुंते दिसले, तिथून ही शंका निघाली. पण ते गुंते अल्झायमरच्या गुंत्यांसारखे नव्हते. १९७० च्या दशकात डायलिसिसच्या पाण्यातल्या अ‍ॅल्युमिनियममुळे काही रुग्णांना स्मृतिभ्रंश झाला हे खरं, पण तो वेगळा आजार, आणि तिथे धातू थेट रक्तात जात होता. भांड्यांना दोष देण्याइतका पुरावा नाही.

तुमच्या लेखात ‘निदान आणि उपचार एकाच रेणूत’ या कल्पनेबद्दल थंडपणा जाणवला. एकाच दगडात दोन पक्षी मारता येत असतील तर वाईट काय? — रसायन उद्योगात असलेला एक वाचक

बरोबर ओळखलंत. अशा रेणूंवर दर महिन्याला निबंध येतात, आणि साचा ठरलेला असतो. एक चमकणारा भाग, एक धातू पकडणारा भाग, उंदराच्या मेंदूचं रंगीत चित्र, आणि शेवटच्या वाक्यात रुग्णांसाठी आशा.

माझा आक्षेप मुळातला आहे. मोजणारा रेणू चांगला केव्हा? जेव्हा तो जे मोजतोय ते बदलत नाही. तो थोडाच असावा, धातूला बेताने धरावा, दिसला की सोडून द्यावा. औषध चांगलं केव्हा? जेव्हा ते भरपूर पोचतं, धातू हिसकावून घेतं आणि परिस्थिती बदलतं. ताप मोजता मोजता उतरवणारा थर्मामीटर कुणी दिला, तर त्याच्यावरचा आकडा ताप किती होता ते सांगेल की किती उरलाय ते? पीईटीच्या तपासणीत शरीरात जातो तो रेणू मायक्रोग्रॅममध्ये, आणि पीबीटी-२ रोज २५० मिलिग्रॅम दिलं जात होतं. मधलं अंतर हजारो पटींचं आहे. एकच मात्रा दोन्ही कामं करेल ही अपेक्षा रसायनशास्त्राच्या बाहेरची आहे.

त्यात आणखी एक मेख. चमकणारा रेणू सगळा धातू दाखवत नाही. त्याला जेवढा ओरबाडता येतो, तेवढाच दाखवतो. वरचे मिलिमोलरचे आकडे एकूण धातूचे आहेत, ते प्रोटॉनचा झोत मारून निघालेल्या क्ष-किरणांवरून काढले. रंगाने तीच गुठळी पाहिली तर ढिलं बांधलेलं जस्त दिसेल, घट्ट बसलेलं तसंच अंधारात राहील. जास्त घट्ट पकडणारा रंग केला तर जास्त दिसेल, पण मग तो जस्ताची गरज असलेल्या एन्झाइमांनाही उघडं पाडायला लागेल.

तरीही हे रेणू बिनकामाचे आहेत असं मी म्हणत नाही, माझी त्यांच्यावरच रोजीरोटी होती. फक्त त्यांची खरी जागा दवाखान्याच्या आधीची आहे. १९८७ मध्ये फ्रेडरिक्सन यांनी टीएसक्यू हा क्विनोलिनचाच रंग मेंदूच्या कापावर वापरला आणि हिप्पोकॅम्पसमधले जस्ताचे साठे पट्ट्यांसारखे उजळले. हे जस्त चेतापेशींच्या टोकाशी पिशव्यांत भरून ठेवलेलं असतं. ते भरणारं प्रथिन झेडएनटी-३. त्याचं जनुक काढलेल्या उंदरांत पिशव्यांमधलं जस्त नाहीसं होतं. मग २००२ मध्ये असे उंदीर अमायलॉइडच्या उंदरांशी संकरित केले, तर गुठळ्या कमी झाल्या. शिवाय माद्यांमध्ये जस्त आणि गुठळ्या दोन्ही नरांपेक्षा जास्त होते आणि जनुक काढल्यावर हा फरक मिटला. रंगाने कुणाला बरं केलं नाही, पण जस्त कुठे असतं ते आधी दाखवलं आणि पुढचा प्रश्न विचारता आला. उद्याचं एखादं औषध गुठळीतून तांबं काढून पेशीत नेतं की नुसतंच लघवीतून बाहेर टाकतं, हे तबकडीतल्या पेशींत कळायला हेच रेणू लागतील. डेफेरिप्रोनसारखी वर्षभराची चाचणी माणसांवर सुरू करण्याआधी ते कळलेलं बरं.

अल्झायमर टाळायचा तर जस्ताच्या गोळ्या घ्याव्यात की जस्त टाळावं?

दोन्ही नको. गोळीतलं जस्त सरळ मेंदूतल्या गुठळीत जाऊन बसत नाही, आणि अन्नातलं जस्त टाळून गुठळी विरघळत नाही. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय मोठ्या मात्रेच्या गोळ्या महिनोन् महिने घेऊ नका, कारण जास्त जस्त आतड्यातून तांबं आत घेऊ देत नाही. प्रौढांसाठी दिवसाला ४० मिलिग्रॅम ही वरची मर्यादा धरली जाते. कवळी चिकटवायच्या क्रीममध्ये पूर्वी जस्त असे. ते वर्षानुवर्षं भरपूर वापरणाऱ्या काही जणांना तांब्याची कमतरता होऊन पाय बधिर झाले, चाल बिघडली, आणि कारण सापडेपर्यंत तपासण्यांवर तपासण्या झाल्या. २००८ मध्ये त्यांच्याबद्दल छापून आलं, तेव्हा त्यांच्या रक्तात जस्त वर आणि तांबं तळाला गेलेलं होतं. क्रीम बंद करून तांबं दिल्यावर रक्तातले आकडे सुधारले, मज्जातंतूंचं नुकसान मात्र सगळं भरून आलं नाही.